एकशे सत्त्याऐंशी पाय

२ तारीख, सोमवार

तीस वर्षं नोकरीत दुसऱ्यांच्या चुका वहीत टिपल्या. आता रिटायर झालो तरी वही दिसली की हात शिवशिवतात. म्हणून ही डायरी. शिवाय काल लिहिण्यासारखं घडलंय, आणि ते माझ्याच तोंडून घडलंय.

वाचनालयाच्या भिंतीवर आपल्या वस्तीतल्या, मोठ्या युद्धात गेलेल्या माणसांचे फोटो लावायचेत. कार्यक्रम बावीस तारखेला, रविवारी. काल त्याची मीटिंग होती, आणि शेजारचा कर्नल काही केल्या थांबेना. हा कर्नलबिर्नल कोणी नाही. हयात गोदामात पोती मोजण्यात गेली, पण मिशा आणि आवाज असा की लोक आपसूक कर्नल म्हणायला लागले. त्याचा काका म्हणे लढाऊ विमान चालवायचा. अर्धा तास ते विमान काही खाली उतरेना. शेवटी माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उठलो आणि सांगून टाकलं की माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, पलटणीत मेडिकल ऑर्डर्ली होते आणि त्यांनी भर लढाईत एका जनरलच्या छातीतली गोळी स्वयंपाकाच्या सुरीने काढली.

सेक्रेटरी म्हणाले, "वा! मग त्या दिवशी भाषण तुमचंच. फक्त कागद आणा. कागद नाही तर फोटो नाही, असा ठराव आहे."

ठराव माझाच. कर्नलला अडवायला मागच्या मीटिंगला मीच मांडला होता.

गोळीची गोष्ट मामा सांगायचा. तो जाऊन दहा वर्षं झाली. आईला विचारलं, तर म्हणाली, "दादा गोष्टी फार छान सांगायचा," आणि मटार सोलत बसली. याला काय पुरावा म्हणायचं?

४ तारीख, बुधवार

आईचा एक प्रकार इथे लिहून ठेवतो, कारण बाहेर सांगून कोणाला पटत नाही. आमच्या घरात पाऊल टाकणाऱ्याने आधी दाराजवळच्या स्टुलावर बसायचं, बूट-मोजे काढायचे आणि आईला पाय दाखवायचे. आई शहाऐंशी वर्षांची. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात तळहाताएवढा पत्र्याचा आरसा. जुनाट, मागे कसलेसे आकडे खरवडलेले. टाच, तळवा, मग आरसा खाली धरून बोटांच्या बेचक्या, एकेक करून. सगळं बघून झालं की म्हणते, "जा."

ही लग्नाआधी पहिल्यांदा घरी आली तेव्हा हिचेही पाय तपासले. हिच्या वडिलांना वाटलं आमच्या घराण्याची रीत असेल. त्यांनी बिचाऱ्यांनी मुकाट्याने आपलेही पुढे केले.

मी वजनमाप खात्यातला निरीक्षक. मी गल्लीत शिरलो की दुकानदार तराजू पुसायला लागायचे. तो मी, साठी उलटल्यावर, रोज स्टुलावर बसून बोटं फाकवतो. आज म्हटलं, "आई, आता पुरे झालं." तर म्हणे, "तुझ्या रक्तात साखर आहे. तुझे तर दोनदा बघायला हवेत."

५ तारीख, गुरुवार

लष्कराचं रेकॉर्ड ऑफिस. तीन मजले चढायचे, मग एक उतरायचा. खिडकीत चष्मेवाली बाई. आजोबांचं नाव लिहून दिलं. तिने यादी उघडली. त्या नावाचे एकशे बारा जण.

"शिपाई नंबर काय?"

"तो कुठला असणार माझ्याकडे?"

"मग एकशे बारांपैकी आवडेल तो घेऊन जा."

तोंडावर ताबा ठेवला. घरी येऊन कपाटं उपसली, ट्रंका उपसल्या, माळा उपसला. आजोबांचा एक चिटोरा नाही. आईला विचारलं, त्यांचं काहीच कसं ठेवलं नाहीस? ती आरसा पदराने पुसत होती. म्हणाली, "होतं काय त्यांच्याकडे ठेवण्यासारखं? आधी स्टुलावर बस."

६ तारीख, शुक्रवार

भाषणासाठी काळे बूट घेतले. दुकानदाराने मला पाय मापायच्या पट्टीवर उभं केलं आणि म्हणाला, "नऊ नंबर." दुसऱ्याच्या पट्टीवर मी पाय ठेवतो, विश्वास नाही ठेवत. खिशातून माझी कापडी टेप काढली. ही नोकरीच्या पहिल्या वर्षापासूनची, हजारो लबाड मापं हिने पकडली आहेत. मोजलं. आठ! सरळ एका नंबरचा फरक. चार गिऱ्हाइकांसमोर त्याला सुनावलं की तुझी पट्टी खोटी आहे. तो म्हणाला, "साहेब, घालून तरी बघा." घातले. जरा आवळतात. नवीन बूट आवळणारच. आठ नंबरच घेतले आणि ताठ मानेने बाहेर पडलो.

ही म्हणाली, "ताठ कसले? लंगडताय." बायकांना मापातलं काही कळत नाही.

९ तारीख, सोमवार

बूट रुळावेत म्हणून रेकॉर्ड ऑफिसला तेच घालून गेलो. परत नंबरावरून अडलं. परतताना उजव्या करंगळीला चुरचुरत होतं. घरी जिन्यात मोजा काढून पाहिलं तर वाटाण्याएवढा फोड.

आता पंचाईत अशी, की आईने तो पाहिला तर म्हणणार बूट लहान आहेत. मग ही म्हणणार, मी सांगत होते. मग ते बूट परत करायला त्याच दुकानात जायचं, आणि तो मिशीतल्या मिशीत हसणार. शिवाय आई मला आठवडाभर घरात बसवणार आणि कागद राहणार. त्यापेक्षा मी मागच्या दाराने, स्वयंपाकघरातून आत आलो. आई पुढच्या दारात टॉर्च घेऊन बसलीच होती. तिला म्हटलं, "आज हिने पाहिले." ही काही बोलायच्या आत मी आंघोळीला पळालो.

खोटं बोललो खरा, पण एवढ्याशा फोडाचं काय मोठं?

१० तारीख, मंगळवार

नंबर मिळाला! आणि कुठे? हसावं की रडावं कळत नाही. आई हिचे पाय तपासत होती, मी समोर पेपर वाचत होतो, आणि आरशाच्या पाठीवर ऊन पडलं. पाच आकडे, खिळ्याने खरवडलेले. म्हटलं, "आई, हे काय आहे?"

"बाबांचा नंबर. आरसा त्यांचा पलटणीतला."

"अगं, मी सगळं घर उलथंपालथं केलं! सांगितलं का नाहीस?"

"तू कागद शोधत होतास. आरसा कुठे मागितलास?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. आणि तो कळसा मी पन्नास वर्षं रोज पायाखाली बघत आलो. आनंदाच्या भरात स्टुलावर बसायचं राहिलं. आईने हाक मारली, तर म्हटलं, "हे बघ, ठणठणीत आहेत, कशाला उगाच." तिने टॉर्च विझवला. म्हणाली, "तू म्हणतोस तर ठीक."

१३ तारीख, शुक्रवार

फोड फुटला. पण आता दुखत अजिबात नाही, म्हणजे बराच होत आला असणार. माझ्या पायांना तसंही हल्ली फारसं जाणवत नाही, वयाने कातडं जाड होतं. मोज्याला जरासा डाग पडतो. मोजे मीच धुतो. ही शेजारणीला सांगत होती की रिटायर झाल्यावर माणूस सुधारतो.

चष्मेवालीने फाइल सोमवारी दाखवते म्हणून सांगितलं. भाषणाची सुरुवात लिहून ठेवली: "गोळ्यांचा वर्षाव होत होता..."

१६ तारीख, सोमवार

काय लिहू? फाइलमध्ये आजोबांच्या हातची वही निघाली. तीन वर्षांची, रोजची नोंद. चष्मेवालीने कापडात गुंडाळून आणली आणि शेजारी बसून राहिली. मी उघडली.

"पाय तपासले १८८. फोड २३. चिखल्या ९. नखं कापली ४०. ओले मोजे बदलायला लावले ६१."

दुसरं पान. पाय तपासले १८८. तिसरं. पाय तपासले १८८. तीन वर्षं, चौऱ्याण्णव माणसं, आणि पाय, पाय, पाय! ना गोळी, ना पट्टी, ना रक्त. आमचे आजोबा युद्धात लोकांच्या बोटांच्या बेचक्या बघत होते. चष्मेवालीला विचारलं, दुसरी वही असेल का, ऑपरेशनची? ती म्हणाली, "ऑपरेशनं मागे इस्पितळात होत. हे पलटणीबरोबर चालत होते."

जनरल मात्र सापडला. एका पानावर, ठळक: "जनरलसाहेब पाहणीस आले. त्यांचेही तपासले. उजव्या करंगळीवर कुरूप. हत्यार नव्हतं, स्वयंपाक्याची सुरी उकळून घेतली. काढलं. साहेब ओरडले."

मामाने करंगळीवरचं कुरूप उचलून छातीत नेऊन ठेवलं होतं. सुरी तेवढी खरी.

वर कडी म्हणजे मोजणीत खोट! दुसऱ्या वर्षी एका पानावर अचानक "पाय तपासले १८७". पुढच्या दिवशी १८७. सलग एकोणीस दिवस, मग पुन्हा सम आकडे. पाय कधी विषम असतात का? मी निरीक्षक, माझ्या आजोबांच्या वहीत अशी ढळढळीत चूक! मी ती चष्मेवालीला बोट ठेवून दाखवली. तिने चष्मा काढून पुसला. तिलाही लाज वाटली असावी माझ्यासाठी.

१७ तारीख, मंगळवार

आज आईला वहीच्या नकला दाखवल्या आणि सरळ म्हटलं, "तुझ्या वडिलांना मोजता येत नव्हतं." तिने कागद डोळ्यांशी नेला, १८७ वर बोट ठेवलं. मग सांगितलं.

पलटणीत एक पोरगेलासा शिपाई होता. त्याच्या पायाला फोड आला. सगळ्यांसमोर सांगायची लाज वाटली, एवढ्याशा फोडासाठी कोण रडतं म्हणून. आजोबांनी विचारलं तर म्हणाला, पाय ठणठणीत आहेत, कशाला उगाच. त्या दिवशी घाई होती. आजोबांनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि बूट काढायला लावले नाहीत. चार दिवसांनी पाय काळा पडला. मागच्या इस्पितळात न्यायला गाडी मिळेना, म्हणून तळावरच कापावा लागला. गाडी येईपर्यंत तो एकोणीस दिवस पलटणीतच होता. आजोबा रोज त्याचा उरलेला पाय तपासायचे. त्याला मोजणीतून गाळला नाही.

"घरी आल्यावर बाबा कधी कोणाला विचारायचे नाहीत, पाय बरे आहेत का," आई म्हणाली. "म्हणायचे, माणूस पायाबद्दल खोटं बोलतो. बघायचंच."

मी सगळं उतरवून घेतलं. गोष्ट चांगली आहे, पण भाषणाला कितपत चालेल शंका वाटते. कर्नलचा काका विमानातून बाँब टाकणार आणि मी काय, मोजे बदलणार? जनरलची गोळीच ठेवतो. कागदावर जनरल आहे, सुरी आहे, एवढ्यावर सेक्रेटरींचं समाधान होईल.

करंगळी जरा काळपट दिसते. बुटाचा रंग लागला असावा.

२० तारीख, शुक्रवार

अंगात कणकण. भाषणाचं दडपण, दुसरं काय! ही म्हणते खोलीत कसलासा वास येतो. खिडक्या उघडल्या. उंदीर मेला असेल माळ्यावर, मी तिकडे परवा सगळं उपसलंय.

मागच्या दाराने येणं हिच्या लक्षात आलंय. म्हणाली, "चोरासारखे काय येता?" म्हटलं, "व्यायाम."

आई मात्र आज जेवताना टेबलाखाली बघत होती.

२३ तारीख, सोमवार. इस्पितळ

पाय उशीवर ठेवून लिहितोय. काल झालं ते सगळं नीट लिहितो, कारण वस्तीत आता त्याच्या सतरा आवृत्त्या निघतील.

हॉल भरला होता. भिंतीवर फोटो, सगळ्यात शेवटी आजोबांचा, फाइलीतल्या फोटोवरून मोठा केलेला. पहिल्या रांगेत आई, शेजारी ही, पलीकडे मिशा विंचरून कर्नल. त्याचं विमान एकदाचं उतरलं आणि सेक्रेटरींनी मला बोलावलं. तीन पायऱ्या चढून माइकपाशी गेलो. घाम फुटला होता. कागद उघडला आणि म्हटलं, "गोळ्यांचा वर्षाव होत होता..."

"बूट काढ."

आई. तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे तिला वाटतं सगळ्यांनाच कमी ऐकू येतं. शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

मी हळूच म्हटलं, "आई, नंतर."

ती उठली. काठी नाही, काही नाही, हिचा हात धरून पायऱ्या चढून वर आली. "चढताना तुझा उजवा पाय नीट टेकला नाही. बूट काढ."

"अगं, काही नाही झालेलं. ठणठणीत आहेत."

माइक चालू होता. माझेच शब्द वरच्या भोंग्यातून माझ्या कानावर आले, आणि मंगळवारी मीच उतरवून घेतलेलं त्या शिपायाचं वाक्य आठवलं. चार पानांवर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं, माझ्या खिशातच होतं. मूर्खासारखा तिथे उभा राहिलो.

आई म्हणाली, "त्या दिवशी तू म्हणालास, मी ऐकलं. आज नाही ऐकायची."

मी मागच्या खुर्चीत बसलो. बूट निघेना. कर्नल वर आला, बूट ओढून काढला. मोजा चिकटला होता. आईने पर्समधून टॉर्च काढला, कर्नलच्या हातात दिला आणि म्हणाली, "इथे धर. हलवू नकोस." गोदामातल्या माणसाने तो असा धरला की जणू जन्मभर तेच काम केलं. आईने आरसा करंगळीखाली सरकवला. मलाही त्यात दिसलं. मग मी आरशाकडे बघायचं सोडून दिलं.

कर्नलने मला खुर्चीसकट उचलून गाडीत घातलं. वाटेत आईने त्याला म्हटलं, "तुझेही बघायचेत." तो म्हणाला, "बघा की, मावशी." त्याच्या मोज्याला दोन भोकं होती, हे मी ताप चढलेला असतानाही टिपलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणखी दोन दिवस गेले असते तर बोट गेलं असतं. आठवडा गेला असता तर पाय." रात्रीच साफ केलं. बोट राहील. मला आता थोडं दुखतंय आणि त्या म्हणतात, दुखतंय हीच आनंदाची गोष्ट आहे. मी रडलो. इथे लिहायला हरकत नाही, डायरी माझी आहे.

२५ तारीख, बुधवार. इस्पितळ

सकाळी ही माझी कापडी टेप घेऊन आली आणि डॉक्टरीणबाईंच्या स्टीलच्या पट्टीशेजारी ठेवली. तीस वर्षं ओढून ओढून टेप ताणली गेली आहे. मीटरमागे तीन सेंटिमीटर! माझा पाय नऊच. तीस वर्षांत या टेपने मी किती कापडवाल्यांना चोर ठरवलं... नको तो विचार. एकेकाच्या दारात जाऊन माफी मागायची तर नवे बूट लागतील.

ही म्हणाली, "उंदीर सापडला म्हणायचा." आणि मग हात धरून बसून राहिली, डिस्चार्जचा फॉर्म येईपर्यंत.

२७ तारीख, शुक्रवार

घरी. सेक्रेटरी आणि कर्नल भेटायला आले. दोघांनी न सांगता स्टुलावर बसून पाय दाखवले. कर्नलचे मोजे नवे होते.

मी सेक्रेटरींना म्हटलं, जनरलच्या छातीत गोळी नव्हती. करंगळीवर कुरूप होतं. फोटो उतरवा, ठराव माझाच आहे. वहीच्या नकला पुढे केल्या. कर्नलनेच आधी घेतल्या. पोती मोजणारा माणूस, आकड्यांवर बोट फिरवत गेला आणि १८७ वर थांबला. मी काही सांगायच्या आत म्हणाला, "एकाचा पाय गेला होता ना? तरी मोजत राहिले." मला आईने सांगावं लागलं होतं.

फोटो राहणार आहे. खाली काय लिहायचं तेही कर्नलनेच सांगितलं: "रोज एकशे अठ्ठ्याऐंशी पाय तपासले. एकोणीस दिवस एकशे सत्त्याऐंशी." बाकी काही नाही. आई म्हणाली, "बाबांना आवडलं असतं." मग कर्नलला म्हणाली, "तुझ्या टाचेला तेल लाव."

२९ तारीख, रविवार

आज सकाळी आईने माझे पाय पाहिले, मग हिचे पाहिले, टॉर्च बंद केला आणि आरसा पदराला पुसला. हे मी लहानपणापासून बघत आलोय. पण आज पहिल्यांदा डोक्यात आलं, आणि इतक्या उशिरा आलं याची लाज वाटली.

"आई, तुझे कोण बघतं?"

"माझे काय बघायचेत? मी कुठे जाते?"

"शेवटचे कोणी पाहिले?"

ती स्टुलाकडे बघत म्हणाली, "बाबांनी. जायच्या आदल्या दिवशी. त्यांना उठवत नव्हतं, मीच पाय वर घेतले." म्हणजे चव्वेचाळीस वर्षं झाली.

"बस," मी म्हटलं.

"नको रे. ठणठणीत आहेत."

ही जोरात हसली. आईच्याही लक्षात आलं आणि तीही हसायला लागली, तोंडाला पदर लावून. मग स्टुलावर बसली. मला वाकता येत नव्हतं, म्हणून बँडेजचा पाय पसरून खाली जमिनीवरच बसलो. हिने टॉर्च धरला. आईचा पाय हातात घेतला तर किती हलका, आणि गार. टाच, तळवा, मग आरसा खाली धरून बेचक्या, एकेक करून. डाव्या टाचेला बोटभर भेग, आत लाल झालेली. कधीची आहे विचारलं. म्हणाली, "असेल वर्षभराची. एवढ्याशासाठी कोण सांगतं?"

मी असा काही ओरडलो की शेजारून कर्नलने विचारलं, काय झालं. आई मान खाली घालून मुकाट्याने ऐकत होती. भेग धुतली, मलम लावलं, पट्टी बांधली. ती म्हणाली, "जाऊ?"

म्हटलं, "जा."

आजची नोंद: पाय तपासले सहा. फोड एक, भरत आला. भेग एक, लपवलेली. उद्या सकाळी पुन्हा.